आधी कळस, मग पाया

वेरूळच्या कैलास लेण्याचा एक हिशोब गेली काही वर्षं रीळमधून मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो आहे. डोंगरातून ४ लाख टन दगड काढला, काम १८ वर्षांत उरकलं, रोज १२ तास धरले तर ताशी ५ टन. मग आवाज खाली आणून प्रश्न: छिन्नी-हातोड्याने हे होईल का? खाली उत्तरांची रांग लागलेली असते. परग्रहावरून आलेले लोक, दगड मऊ करणारा पाला, विसरलं गेलेलं यंत्र.

करमणूक म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण सहलीला आलेली पोरं हाच हिशोब पाठ करून येतात, काही वेळा लेणं दाखवणाराही तोच ऐकवतो, आणि प्राचीन भारतीय अभियांत्रिकीचा अभिमान म्हणून तोच पुढे ढकलला जातो. माझं म्हणणं सरळ आहे. कैलासाला गूढ ठरवणारे तो खोदणाऱ्यांची मजुरी बुडवतात.

आधी हिशोबच पाहू. कैलासाचं आवार सुमारे ८४ मीटर लांब आणि ४७ मीटर रुंद. मागचा कडा साधारण ३३ मीटर उंच. समजा हा खड्डा पेटीसारखा चौकोनी आहे, पुढेही मागच्याइतकाच खोल आहे, आणि मध्ये देऊळ शिल्लकच ठेवलेलं नाही. अशा पेटीत १ लाख ३० हजार घनमीटर दगड मावतो. बेसॉल्टचं वजन घनमीटरला २.८ टन धरलं तर ३ लाख ६५ हजार टन. म्हणजे देऊळसुद्धा खणून टाकलं तरी ४ लाख टन भरत नाहीत. प्रत्यक्षात डोंगराला उतार आहे, समोर खोली फार कमी आहे, आणि सुमारे ३० मीटर उंचीचं देऊळ, दोन स्तंभ, दोन हत्ती मध्ये उभे आहेत. कडेच्या ओवऱ्यांची भर घातली तरी काढलेला दगड दीड लाख टनांच्या आगेमागे येतो.

तरी ४ लाखांवर भांडायला नको, आकडा तसाच ठेवू. ताशी ५ टन म्हणजे दिवसाला ६० टन. माणसं किती? ते त्या हिशोबात कुठेच नसतं, आणि सगळी जादू त्या गाळलेल्या आकड्यात आहे. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी एक माणूस दिवसात ४ घनफूट दगड काढतो असं धरून मांडणी केली होती: अडीचशे माणसं, साडेपाच वर्षं. ४ घनफूट बेसॉल्ट म्हणजे तीनशे किलोंच्या थोडं वर. साठ टनांना या दराने भागलं तर दोनशे माणसंही लागत नाहीत. जवळपास ४ हजार चौरस मीटरच्या आवारात अडीचशे जण उभे केले तरी प्रत्येकाच्या वाट्याला एका बऱ्यापैकी खोलीएवढी जागा येते. वाहून न्यायचं म्हणाल तर वीस किलोच्या पाटीने साठ टन म्हणजे तीन हजार पाट्या. शंभर जणांनी तीस-तीस खेपा. रोजगार हमीच्या कामांवर माणसं याहून जास्त माती-मुरूम रोज वाहत आली आहेत.

हा दर नुसता दगड काढण्याचा, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. कोरीवकामाला वेळ वेगळा, आणि तो पुष्कळ जास्त. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला (सुमारे ७५६ ते ७७३) याच्या कारकिर्दीत देवळाचा मुख्य भाग डोंगरापासून सुटा झाला. भोवतालचं काम पुढेही चालू राहिलं. सगळं १८ वर्षांत बसवण्याचा हट्ट रीळवाल्यांचा आहे, शिल्पांचा नाही.

दिवसाला ४ घनफूट एका माणसाच्या हातून निघतात कसे? सगळा दगड चुरून काढला तर निघणारच नाहीत. म्हणून चुरायचाच नसतो. माणूस आत बसून घाव घालू शकेल एवढ्याच रुंदीचा चर खणायचा. त्याला काटकोनात दुसरा. चरांच्या मध्ये चौकोनी ठोकळा उरतो, फक्त बुडाशी डोंगराला धरून. बुडाशी खाच घ्यायची, पाचर ठोकायची, पहारीने उचकटायचा. चुरा झाला तो चरातल्या दगडाचा. बाकीचा ठोकळ्यांनी बाहेर आला. कठीण काम मोजक्या जागी करून बाकीचं वजन त्याच्या जिवावर सोडवून घ्यायचं, ही खाणीतली जुनी अक्कल आहे.

'मग एवढा दगड गेला कुठे' हा रीळमधला दुसरा प्रश्न. दीड लाख टन म्हणजे पन्नास हजार घनमीटरच्या आसपास. पाच हेक्टर रानात पसरला तर मीटरभर थर. फोडलेला दगड फुगतो, म्हणून दीड मीटर म्हणा. आयता फुटलेला काळा दगड बाराशे वर्षं कुणी हात न लावता पडून राहील असं ज्याला वाटतं, त्याने गावात घर बांधलेलं नाही.

बेसॉल्ट कठीण खरा, पण तो लोखंडाला दाद देतो. 'पाट्याला टाकी' अशी हाळी देत बाया गल्लीतून फिरायच्या, त्यांचं काम ज्यांनी जवळून पाहिलं असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको. पाटा त्याच काळ्या दगडाचा. टाकी, म्हणजे छिन्नी, सरळ उभी धरली तर दगडावर नुसता पांढरा ठिपका उठतो. कलती धरली की तांदळाएवढी कपची उडते. घाव जोराचा नको, एकसारखा हवा. लेण्यांच्या न घोटलेल्या भिंतींवर जे तिरके, समांतर ओरखडे दिसतात ते याच हालचालीचे. फक्त टाकी मोठी, घाव जड. चित्रं काढायची तिथे भिंत मुद्दाम अशीच खडबडीत ठेवली की गिलावा धरतो; अजिंठ्यात माती आणि भुशाचा गिलावा अशाच भिंतींवर बसला आहे.

खरा खर्च टाकीच्या टोकाचा. बेसॉल्टवर ते पुन्हा पुन्हा बोथट होतं. मग भात्यावर लाल करायचं, ठोकून टोक काढायचं आणि पाणी द्यायचं. शेतकरी फाळ शेवटून घेतो तसंच. पाणी जास्त बसलं तर टोक काचेसारखं उडतं, कमी बसलं तर वळतं. म्हणजे खोदणाऱ्यांच्या पाठीशी लोहार हवा, लोहाराला कोळसा, कोळशाला जंगलातलं लाकूड. ही साखळी एका जागी अडली की अडीचशे माणसं हात बांधून बसतात. अभियांत्रिकी म्हणतात ती इथेही आहे, पण ती फोटोत येत नाही. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण दगडाच्या बाजूने बोलते. टाकीने काय सोसलं ते म्हणीत आलेलं नाही.

आता कैलासाचं जे वैशिष्ट्य सगळे सांगतात ते: वरून खाली खोदकाम. उरफाट्या कामाला आपण 'आधी कळस मग पाया' म्हणतो. इथे ते अक्षरशः झालं. याची एक मराठी कथा आहे, कृष्ण याज्ञवल्की यांच्या 'कथाकल्पतरू'त. अलजपूरचा राजा आजारी पडला. राणीने नवस केला की राजा बरा झाला तर शिवाचं देऊळ बांधीन, आणि कळस डोळ्यांनी दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला, आणि पंचाईत झाली, कारण देवळाचा कळस दिसायला वर्षं लागतात. तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे आला आणि आठवडाभरात कळस दाखवतो म्हणाला. त्याने डोंगराच्या माथ्यावरून सुरुवात केली.

ही कथा म्हणून घ्यायची, इतिहास म्हणून नाही. पण सांगणाऱ्याचा कल पाहा. अडचण आली तेव्हा त्याने आकाशातून विमान उतरवलं नाही. कामाचा क्रम बदलणारा एक पैठणकर आणला. बडोद्याला मिळालेल्या ८१२-१३ सालच्या राष्ट्रकूट ताम्रपटातही कवीने हेच केलं आहे. देव हे देऊळ पाहून चकित झाले, आणि ज्याने ते घडवलं तोही 'हे माझ्या हातून झालं कसं' म्हणून थक्क झाला, असं त्यात वर्णन आहे. अतिशयोक्ती भरपूर, तरी कारागीर जागेवर आहे. तो गाळला गेला आमच्या काळात.

वरून खोदण्याचे फायदे रोकडे आहेत. परांची लागत नाही, कारण अजून न काढलेला दगड हीच कारागिराच्या पायाखालची जमीन. शिखर कोरून झालं की ती जमीन हातभर खाली न्यायची, मग त्याखालचा थर कोरायचा. जड दगड उचलून चढवायचा प्रश्नच नाही; जे काही हलवायचं ते खाली आणि बाहेर. डोंगराचा उतार समोर असल्यामुळे खोदकामाचा तळ त्या बाजूला कलता ठेवला की पावसाचं पाणीही तिकडूनच निघून जातं. नाहीतर एका पावसाळ्यात खाणीचं तळं होतं. बंदिस्त लेण्यांतही हीच रीत, फक्त उलट्या भांड्यासारखी. आधी छताच्या उंचीवर भोक पाडून आत शिरायचं, छत पुरं करायचं, मग खांबांचे ठोकळे मध्ये सोडत खाली उतरायचं.

तोटा एकच, पण जीवघेणा. चुकीला दुरुस्ती नाही. बांधलेल्या देवळात दगड खराब निघाला तर गवंडी तो बाजूला टाकतो आणि दुसरा घेतो. इथे दुसरा दगड नाही. कैलासाच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे. सगळं देऊळ त्यांच्या पाठीवर उभं असल्यासारखं दिसतं. त्या हत्तींची जागा शिखराला पहिला घाव पडायच्या आधी ठरलेली हवी. आवारातले सुमारे १५ मीटर उंचीचे दोन ध्वजस्तंभ तर हवेत सुटे उभे आहेत. चर खणताना तेवढा दगड डाव्या-उजव्या हाताला राखून ठेवायचा, हे ज्याने आखलं त्याच्या डोक्यात पूर्ण देऊळ आधीच उभं होतं. वरच्या थरात मध्यरेषा वीतभर सरकली तर खाली येईपर्यंत ती तशीच सरकलेली राहते; म्हणून ओळंबा, सूत आणि गुण्या ही साधी हत्यारं इथे टाकीहून मोलाची. कैलासाची थोरवी मोजायचीच तर ती किती टन दगड काढला यात नको. काय काढायचं नाही हे आधी ठरवण्यात ती आहे. टन मोजणारी रीळ नेमकी तिथे आंधळी आहे.

आणि दगड फसवतो. दख्खनचा बेसॉल्ट लाव्हाच्या एकावर एक पसरलेल्या थरांचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीसारखा मऊ पट्टा असतो. पाणी लागलं की तो फुगतो, झिजतो, आणि वरचा दगड निराधार होतो. थरातही उभ्या भेगा असतात, त्या बाहेरून दिसतीलच असं नाही. अजिंठ्याच्या ४ क्रमांकाच्या लेण्यात, तिथल्या सर्वांत मोठ्या विहारात, छताच्या दगडातच दोष निघाला आणि छताचा भाग खाली आला. कारागिरांनी वरचा थर आणखी खोदून छत उंच नेलं आणि काम पुढे रेटलं. पितळखोऱ्याला नशीब एवढं बरं नव्हतं. झिरपणाऱ्या पाण्याने तिथल्या लेण्यांचे दर्शनी भाग गेले. कैलासातही देवळाला दक्षिणेच्या ओवरीशी जोडणारा दगडी पूल कोसळलेला आहे. कारागीर चुकले, अडले, सावरले. दगड मऊ करणारा पाला असता तर हे काहीच घडायचं कारण नव्हतं.

कैलास एका रात्रीत उगवलेला नाही, हे तर लेण्यांच्या नकाशावरच लिहिलेलं आहे. भाजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब, छताला त्या काळच्या लाकडी कमानी अजून आहेत. मग पाचव्या शतकात वाकाटकांच्या काळातलं अजिंठा, मग वेरूळची बौद्ध आणि हिंदू लेणी. कैलासाला पहिली टाकी लागली तेव्हा या डोंगरांत नऊशे वर्षांची उमेदवारी जमा होती. देवळाचा आराखडाही हवेतून आला नाही. आठव्या शतकाच्या मध्यावर पट्टदकलला चालुक्यांनी बांधलेल्या विरूपाक्ष मंदिराशी त्याचं नातं उघड दिसतं. राष्ट्रकूटांनी चालुक्यांचं राज्य घेतलं, तसं स्थापत्यही घेतलं.

या उमेदवारीत माणसं नावानिशी भेटतात. कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्यात एका यक्षाच्या शिल्पाजवळ कोरलेलं आहे की हे कण्हाचा शिष्य बलक याने केलं. पितळखोऱ्याच्या यक्षावर कण्हदास नावाच्या सोनाराचं नाव आहे. सोनार दगडात उतरला होता. कार्ल्याच्या दारावर धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचा लेख आहे, वेणुवासाचा मुलगा. तिथे सुताराला शब्द आहे 'वढकी', आणि विदर्भात सुताराला आजही वाढई म्हणतात. कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहाच्या लेखात तर कामगारांची पदंच येतात: शेलवढकी, कढिचक, महाकटक, मिठिक. मिठिक म्हणजे दगड घोटणारा. ज्या कामाला इतकी वेगवेगळी पदं होती त्याला मुकादमी होती, मजुरी होती, शिकाऊ पोरं होती.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की असला रुक्ष हिशोब मांडून तुम्ही आमच्या वारशाची उंची कमी करता. उलट आहे. यंत्राने किंवा परक्याने केलं म्हटलं की इथल्या माणसाच्या वाट्याला काय उरतं? हातात लोखंडाची टाकी, डोळ्यासमोर ओळंबा, आणि तीस मीटर खालचा हत्ती आज कुठे सोडायचा याचं गणित: ही उंची कमी वाटत असेल तर पाट्याला टाकी लावून पाहावी. दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. गूढामुळे लोक येतात, पर्यटन वाढतं, बिघडलं काय? बिघडतं ते देखभालीत. लेण्यांचं सगळ्यात मोठं दुखणं पाणी. डोंगरमाथ्यावरचे चर बुजले, भेगांतून पाणी झिरपलं की चित्रांचे पापुद्रे सुटतात, खांबांचा बुडखा कुजल्यासारखा झडतो. लेणं माणसाने केलेली वस्तू आहे, तिला उतार आणि पाण्याची वाट आहे, हे ज्याला शिकवलंच नाही त्याला बुजलेला चर दिसत नाही. शिलालेखांत पाण्याच्या टाक्याला 'पोढी' म्हणतात. दात्यांनी नाव कोरून दान दिलेल्या त्या पोढ्यांत आज प्लास्टिकच्या बाटल्या तरंगताना दिसतात. रहस्यात कुणी झाडू मारत नाही.

करायचं काय, तर आपण जे लपवतो ते दाखवायचं. वेरूळ आणि अजिंठा १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. दोन्ही ठिकाणी माणसं पूर्ण झालेल्या लेण्यांपुढे रांग लावतात आणि अपुऱ्या लेण्यांवरून पुढे सरकतात. अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं लेणं पुरं झालं असतं तर तिथल्या सर्वांत मोठ्या विहारांत गणलं गेलं असतं. ते अर्धवट राहिलं, आणि म्हणून खोदकामाचं पाठ्यपुस्तक झालं: छत तयार, खांब चौकोनी ठोकळ्यांच्या रूपात, त्यांच्यामधले चर, आणि न उचकटलेला दगड तसाच. ५ क्रमांकाच्या लेण्यात दाराची चौकट नक्षीने भरलेली आणि आतला मंडप कच्चा. म्हणजे खोदणारे आणि कोरणारे पाठोपाठ नव्हे, एकाच वेळी वेगवेगळ्या जागी काम करत होते. या लेण्यांबाहेर कामाच्या पायऱ्या दाखवणारा मराठी फलक हवा. शेजारी बेसॉल्टचा एक ठोकळा, साखळीला बांधलेली टाकी-हातोडी, आणि आठवड्यातून दोन दिवस पाथरवट बसलेला. त्याला मानधन द्यायचं, फुकट नाही. शाळेच्या गणितात कैलासाचा खड्डा घनफळाच्या उदाहरणासाठी घेता येतो. आठवीतल्या पोराने पेटीचं घनफळ काढून २.८ ने गुणलं की ४ लाख टनांची रीळ तिथल्या तिथे आडवी होते.

आणि सहलीचा क्रम तेवढा उलटा करावा. त्याला खर्च येत नाही. कैलासाच्या दारातून थेट आत नेण्याऐवजी मुलांना आधी बाजूने डोंगरावर चढवावं आणि कड्यापासून अंतर राखून वरून आवार दाखवावं. पहिल्यांदा दिसतो तो मंडपाच्या छतावरचा कमळाचा गोल आणि त्याभोवतीचे चार सिंह. मग शिखर, मग चराच्या भिंतींवरचे टाकीचे तिरके ओरखडे. खाली उतरून दारातून आत गेल्यावर शेवटी हत्ती.